फोटो हलला म्हणजे काय झाले?

'फोटो हलला' हे शब्द आपल्या घराघरात ऐकू येतात. लग्नातला फोटो हलला, पोराचा फोटो हलला, आणि गाडीतून काढलेले तर सगळेच हलले. असा फोटो दिसला की आपण तो बाद समजतो. पूर्वी तो पाकिटाच्या तळाशी जाऊन पडे. आता मोबाइलवर एक बोट टेकले की पुसला जातो. पण पुसण्यापूर्वी तो जरा बारकाईने पाहावा. धावत्या गाडीतून काढलेल्या एकाच फोटोत रुळाकडेचे गवत रेघोट्यांसारखे फरफटलेले असते, मधले आंब्याचे झाड किंचित पुसट असते आणि मागचा डोंगर मात्र लख्ख, जागच्या जागी असतो. कॅमेरा एक, हात एक, क्षणही एकच. मग एक वस्तू हलली आणि दुसरी हलली नाही, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर फार अवघड नाही. ते समजले म्हणजे हललेला फोटो मुद्दाम, हवा तसा काढता येतो, त्यावरून गाडीचा वेग मोजता येतो, आणि धावत्या गाडीत आपण कुठे उभे राहावे व कुठे राहू नये हेही कळते. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मी पुढे सांगणारच आहे.

उदाहरणासाठी आपण पेण ते रोहा हा प्रवास घेऊ. पेण सुटले की कासू, मग नागोठणे आणि पुढे रोहा. दिव्याहून येणारी गाडी या वाटेने जाते, आणि रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. ती संपूर्ण कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाली. पेणहून रोह्याकडे जाताना डाव्या हाताला सह्याद्रीच्या अंगाचे डोंगर, उजव्या हाताला धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलेला सखल मुलूख. भाताची खाचरे, बांध, खारभूमी, मध्येच एखादे कौलारू घर. अगदी जवळचे, मध्यम अंतरावरचे आणि दूरचे असे तिन्ही देखावे या एका खिडकीत सापडतात. आपल्या कामाला याहून चांगली प्रयोगशाळा नको.

आता मूळ गोष्टीकडे वळू. कॅमेऱ्याच्या भिंगामागे एक झडप असते. तिला आपण शटर म्हणतो. बटन दाबले की ती क्षणभर उघडते, प्रकाश आत येतो, आणि ती मिटते. मोबाइलमध्ये खरीखुरी झडप नसते, तिथे हे काम विजेच्या योजनेने होते. पण हिशेब तोच. हा 'क्षणभर' म्हणजे किती? उन्हात सेकंदाचा हजारावा भाग, सावलीत साठावा भाग, संध्याकाळी पंधरावा भाग, असा तो कमीअधिक असतो. तेवढ्या वेळात जे जे सरकले, ते ते फोटोत फरफटते.

आपली गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरू. म्हणजे सेकंदाला ती जवळजवळ १७ मीटर जाते. शटर सेकंदाचा १/१००० भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात गाडी पावणेदोन सेंटिमीटर सरकते. १/६० सेकंदात ती २८ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक सरकते. १/१५ सेकंदात एक मीटरहून जास्त, आणि १/४ सेकंदात चार मीटरच्या वर. आपल्याला वाटते की आपण एक क्षण टिपला. खरे पाहता आपण दोन-चार पावलांचा प्रवास एका कागदावर उतरवलेला असतो.

परंतु गाडी सरकली ती सगळ्यांच्याच दृष्टीने सारखी सरकली. मग डोंगर का हलला नाही? त्याचे कारण अंतर. हातभर अंतरावरचा माणूस एक पाऊल बाजूला झाला, तर त्याच्याकडे पाहण्यासाठी आपल्याला मान वळवावी लागते. तोच माणूस शेताच्या पलीकडच्या बांधावर असेल आणि एक पाऊल सरकला, तर आपल्या लक्षातही येत नाही. पाऊल तेवढेच, पण आपल्या डोळ्यापाशी होणारा कोन निराळा.

आकड्यांत सांगायचे तर असे. ज्या कॅमेऱ्याची चौकट ३६ मिलिमीटर रुंद आहे आणि ज्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर आहे, असा एक साधा कॅमेरा घ्या. शटर १/६० सेकंदावर ठेवा. दहा मीटरवरचा खांब चौकटीत १.४ मिलिमीटर फरफटेल. शंभर मीटरवरचे झाड ०.१४ मिलिमीटर. दोन किलोमीटरवरचा डोंगर मात्र मिलिमीटरचे सात हजारांश भाग. अंतर दहापट झाले की फरफट दहा हिश्शांनी कमी. आपल्या डोळ्याला ०.०३ मिलिमीटरपर्यंतची फरफट साधारणपणे जाणवत नाही, असे छायाचित्रकार मानतात. या हिशेबाने अर्ध्या किलोमीटरपलीकडचे सारे आपल्या फोटोत स्थिर दिसणार, आणि जो जो जवळ यावे तो तो देखावा वाहू लागणार.

लहान मुले विचारतात ना, की चांदोमामा आपल्या गाडीबरोबर का धावतो? त्याचे उत्तर हेच. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. पेण ते रोहा हा सारा प्रवास केला तरी त्याच्याकडे पाहण्याच्या कोनात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. झाडे मागे पळतात, चंद्र पळत नाही. म्हणून तो आपल्या सोबतीने येतो असे वाटते. शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रश्न आणि हललेला फोटो एकत्रच वर्गात मांडावा. एकाचे उत्तर दुसऱ्यात आहे.

छायाचित्रणाच्या आरंभी ही झडप काही मिनिटे उघडी ठेवावी लागे. १८३८ साली दागेर या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्त्यावर गाड्या होत्या, माणसे होती. पण छायाचित्रात रस्ता ओस पडलेला दिसतो. चालणारे सगळे इतके फरफटले की नाहीसेच झाले. उरला तो फक्त बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला माणूस. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्याकडची पहिली प्रवासी आगगाडी धावली, त्या काळीही काचेच्या ओल्या पट्टीवर छायाचित्र उमटायला काही सेकंद लागत. धावती गाडी टिपणे तेव्हा शक्य नव्हते. म्हणजे पहिली कित्येक वर्षे छायाचित्रकारांची सारी धडपड गती थांबवण्यासाठी होती. आता ती मोबाइलमध्ये आपोआप थांबते, आणि म्हणूनच ती पुन्हा वाहती कशी करावी हे शिकावे लागते.

त्याच्या चार रीती आहेत. त्या एकेक करून सांगतो.

पहिली रीत सर्वात सोपी. गाडीत आपल्या जागेवर बसावे, कॅमेरा खिडकीशी काटकोनात बाहेरच्या बाजूला धरावा आणि शटर १/३० किंवा १/१५ सेकंदावर ठेवावे. जवळचे गवत रेघा होईल, भाताचे खाचर हिरव्या पट्ट्यासारखे वाहील आणि डोंगर उभा राहील. डोंगर चौकटीत असलाच पाहिजे. सगळेच फरफटले तर पाहणाराला ती गती वाटत नाही, नुसती गडबड वाटते. काहीतरी स्थिर असले म्हणजेच बाकीचे हलले हे कळते.

दुसरी रीत डब्याच्या आतली. खिडकीची चौकट, गज, तिच्याशी बसलेली म्हातारी, तिच्या मांडीवरची टोपली, हे सारे आपल्याबरोबरच चालले आहे. म्हणून ते कॅमेऱ्याच्या दृष्टीने स्थिर. बाहेरचा मुलूख तेवढा वाहतो. या रीतीत १/८ सेकंदही चालतो. मात्र कॅमेरा खिडकीला किंवा डब्याच्या भिंतीला टेकवू नये. गाडीची थरथर सरळ त्यात उतरते. कोपर अंगाशी धरावे, पाठ बाकापासून थोडी सुटी ठेवावी. आपले शरीर गादीसारखे काम करते आणि धक्के शोषून घेते. माणसाचा फोटो घेताना त्याची परवानगी आधी विचारावी, हे वेगळे सांगायला नकोच.

तिसरी रीत पाठलागाची. बांधावर उभा असलेला शेतकरी आपल्याला स्थिर हवा आहे आणि त्याच्या पुढचे-मागचे वाहते हवे आहे. मग गाडी पुढे जात असता कॅमेरा त्याच्यावर रोखून कमरेतून वळत राहायचे आणि वळता वळताच बटन दाबायचे. बटन दाबल्यावर थांबायचे नाही. तो तीस मीटरवर असेल आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल, तर तो आपल्या समोर येतो त्या वेळी सेकंदाला तीस अंशांहून थोडे अधिक वळावे लागते. घड्याळाचा सेकंदकाटा सेकंदाला सहा अंश फिरतो. म्हणजे त्याच्या पाचपट. म्हणून आरंभी गाडी स्थानकातून सुटून हळूहळू वेग घेत असते, तेव्हा सराव करावा. या फोटोत एक मौज दिसते. शेतकऱ्याच्या अलीकडचे गवत मागे पळते आणि त्याच्या पलीकडची झाडे गाडीच्या दिशेने पुढे पळतात. जणू सारे शेत त्या माणसाभोवती फिरते आहे.

याच रीतीचा एक सोपा प्रकार रस्त्यावर मिळतो. भाद्रपद जवळ आला की पेणच्या कारखान्यांतून, हमरापूर-जोह्याच्या बाजूने, गणपतीच्या मूर्ती घेऊन टेंपो निघतात. आपली एस.टी. आणि तो टेंपो काही क्षण एकाच वेगाने शेजारी चालले, तर एकमेकांच्या दृष्टीने दोघेही थांबलेलेच असतात. तेव्हा १/३० सेकंदावर फोटो घ्यावा. मूर्ती शांत बसलेली आणि मागचा सारा रस्ता वाहता, असे चित्र मिळते.

चौथी रीत समोर पाहण्याची. एस.टी.च्या पुढच्या बाकावरून समोरच्या काचेतून फोटो घेतला, तर रस्ता दूर जिथे एका बिंदूला मिळतो तो बिंदू स्थिर राहतो आणि त्याभोवतीचे सारे चक्राच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरते. हा फोटो प्रवाशानेच काढायचा. गाडी हाकणाराने हातात मोबाइल धरणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरीही तो वेडेपणाच ठरला असता.

आता उजेडाचे बोलू. शटर जास्त वेळ उघडे ठेवले की प्रकाश जास्त येतो आणि फोटो पांढरा पडतो. कडक उन्हात कॅमेऱ्याचे छिद्र १६ क्रमांकाइतके लहान केले आणि फिल्मची किंवा कॅमेऱ्याची संवेदनक्षमता १०० ठेवली, तर १/१२५ सेकंद पुरतो. १/१५ सेकंद हवा असेल तर उजेड आठ हिश्शांनी कमी झाला पाहिजे. तो कोकणात आषाढ-श्रावणात आपोआप होतो. दाट ढगांच्या दिवशी याच मापांवर १/१५ सेकंद बरोबर बसतो. पावसाळा फोटोला वाईट असे म्हणतात खरे; पण वाहत्या फोटोला तोच सर्वात चांगला ऋतू.

मोबाइलचे छिद्र बहुधा लहान करता येत नाही. त्यामुळे भर दिवसा त्याला इतका सावकाश फोटो घेता येत नाही. तो सेकंदाचा हजारावा भागच निवडतो. त्याच्यासाठी दिवेलागणीची वेळ धरावी. पुष्कळ मोबाइलमध्ये 'प्रो' नावाची सोय असते. तिच्यात शटरचा वेळ आपण ठरवायचा आणि संवेदनक्षमता सर्वात कमी ठेवायची. सूर्य मावळून पंधरा-वीस मिनिटे झाली, घरांतले दिवे लागले, म्हणजे दिव्यांच्या रेघा आणि त्यांमागे निळ्या आभाळावर डोंगराची कड, असे दृश्य साधते.

मोबाइलच्या फोटोत आणखी एक गंमत दिसते. धावत्या गाडीतून घेतलेल्या फोटोत विजेचे खांब तिरपे झालेले असतात. खांब वाकडे रोवलेले नसतात. मोबाइल सारे चित्र एकाच वेळी वाचत नाही. ओळीमागून ओळ, आपण पाटीवरचा मजकूर वाचावा तसे वाचतो. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते, म्हणून खांबाचा पाया सरकतो. मोबाइल आडवा धरून एक फोटो घ्यावा आणि मग तोच खाली-वर उलटा धरून दुसरा घ्यावा. खांब विरुद्ध बाजूला कलतील. हे मोबाइलनेच आणले असेही नाही. १९१२-१३ च्या सुमारास लार्तीग नावाच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने शर्यतीच्या मोटारीचा फोटो घेतला. त्याच्या कॅमेऱ्याची झडप म्हणजे खालीवर सरकणारी एक फट होती. मोटारीचे चाक पुढे कललेले आणि प्रेक्षक मागे कललेले, असा तो फोटो आज जगप्रसिद्ध आहे.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सांगतो. विजेवर चालणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर तारा धरणारे खांब असतात. त्यांच्यावर किलोमीटरचा आकडा आणि खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. किलोमीटरचा आकडा बदलला की घड्याळ पाहावे आणि तो पुन्हा बदलेपर्यंतचे सेकंद मोजावेत. ३६०० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी वेग आला. ६० सेकंद लागले तर वेग ६०, ८० लागले तर ४५. आता याच वेळी काढलेला हललेला फोटो घ्यावा. समजा, फाटकापाशी आपल्या अगदी समोर उभा असलेला, १६० सेंटिमीटर उंचीचा माणूस फोटोत ४ सेंटिमीटर दिसतो. म्हणजे त्या अंतरावर फोटोतला एक सेंटिमीटर बरोबर खरे ४० सेंटिमीटर. तो माणूस आडवा एक सेंटिमीटर फरफटला असेल आणि शटर १/३० सेकंद उघडे असेल, तर गाडी सेकंदाच्या तिसाव्या भागात ४० सेंटिमीटर गेली. सेकंदाला १२ मीटर, ताशी सुमारे ४३ किलोमीटर. शटरचा वेळ मोबाइलवर फोटोच्या तपशिलात नोंदलेला असतो. दोन्ही उत्तरे जवळजवळ आली की मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. ज्याला आपण बिघडलेला फोटो म्हणत होतो, त्याच्यावर गाडीचा वेग लिहिलेला होता!

मात्र प्रत्येक फोटो वाहता असून चालत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या पिकाचा फोटो स्वतः मोबाइलवर घेऊन नोंद करू लागले. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले, उभे पीक आडवे झाले, रस्ता खचला, असे काही दाखवायचे असेल तर गाडीतून जाता जाता फोटो घेऊ नये. खाली उतरावे, पाय रोवून उभे राहावे आणि शांतपणे फोटो घ्यावा. पुरावा म्हणून द्यायच्या फोटोत नेमके जवळचेच स्पष्ट हवे असते, आणि धावत्या गाडीतून जवळचेच सर्वात आधी पुसले जाते.

या शेवटच्या वाक्यातच आजच्या भाषणातली सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे. जवळचे सर्वात आधी पुसले जाते, हा नियम कॅमेऱ्याला आहे तसा डोळ्यालाही आहे. दारात उभे राहून, बाहेर झुकून जो तरुण मोबाइलच्या पडद्याकडे पाहतो, त्याला दूरचा डोंगर छान स्थिर दिसतो. तारांचे खांब डब्याच्या अंगापासून जेमतेम मीटरभर अंतरावर असतात. १७ मीटरवरचा खांब त्याच्यापर्यंत यायला एक सेकंद लागतो. तो खांब त्याच्या पडद्यावर नसतो, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात आला तरी नुसती सावली म्हणून येतो. ज्याच्यापासून धोका आहे ते त्याला दिसतच नाही, आणि जे दिसते त्याच्यापासून काही धोका नसतो. धीट माणसाचाही यात इलाज चालत नाही, कारण प्रश्न धैर्याचा नाही, अंतराचा आणि वेगाचा आहे. गाडीच्या छपरावर किंवा पायरीवरून प्रवास करणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १५६ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो, तोही विसरू नये.

वर सांगितलेल्या चारही रीतींचे फोटो बाकावर बसून, हात आणि मोबाइल खिडकीच्या आत ठेवून काढता येतात. किंबहुना आतून काढलेल्या फोटोत खिडकीची चौकट येते आणि तिच्यामुळे बाहेरची गती अधिकच उठून दिसते. तेव्हा बाहेर झुकून काही अधिक मिळते असे मुळीच नाही.

शिक्षकांनी हा नियम फळ्यावर आकृती काढून समजवावा, आणि ज्यांची मुले रोजच्या गाडीने शाळा-कॉलेजला जातात त्या पालकांनी तो घरी बोलून दाखवावा. आणि पुढच्या वेळी कोणी म्हणाले की फोटो हलला, तर लगेच पुसू नका. आधी त्यात काय हलले आणि काय थांबले ते पाहा. त्यावरून कोणती वस्तू किती जवळ होती आणि आपण किती वेगाने चाललो होतो, हे घरातल्या लहान मुलालाही सांगता येईल.